पार्किंगमधला प्लग

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच रणकंदन चालू आहे. बी-विंगमधल्या एकाला पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायचाय आणि कमिटी एनओसी देत नाही. कारणं काय, तर आग लागली तर? आज याला दिली तर उद्या सगळेच मागतील. अहो, मागू देत की! उद्या सगळ्यांकडे याच गाड्या असणार आहेत.

'पार्किंग सोसायटीचं आहे' हा कमिटीचा मुद्दा खरा आहे. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली जागा, बिल्डरला विकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. पण सामाईक जागा म्हणजे अडवून ठेवायची जागा, हे कुठल्या कोर्टाने सांगितलं? गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं वीज कनेक्शन मागायची सोय तर केंद्राच्या नियमांतच फेब्रुवारी २०२४ पासून आहे.

म्युनिकमध्ये बसून हे वाचताना माझं डोकं फिरतं. इथे डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकाने चार्जर मागितला की बाकीच्यांना 'नको' म्हणायची सोयच नाही. कसा बसवायचा एवढंच सभेत ठरतं आणि खर्च मागणाऱ्याचा. विजेचा लोड झेपणार नाही, हे रडगाणंही चालत नाही. २०२४ पासून नव्या वॉलबॉक्सची, म्हणजे भिंतीवरच्या चार्जरची, वीज ताणाच्या वेळी ४.२ किलोवॉटपर्यंत खाली आणता येते, पण त्या कारणाने जोडणी नाकारता येत नाही. हे सगळं मी रात्री अकराला ग्रुपवर लिहिलं. सकाळी उठून पाहतो तर चार अंगठे.

एक गोष्ट मात्र लिहिली नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला अजून वॉलबॉक्स नाही. गराजमध्ये मीटरपासून माझ्या जागेपर्यंत केबल ओढायचा खर्च ऐकून मी गप्प बसलो. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक चार्जिंगच्या खांबाला गाडी लावतो आणि चार तासांच्या आत उतरून काढतो, थंडीत सुद्धा.

आणि दुसरी. गेल्या वर्षी त्याच कमिटीने मेन केबल बदलायला प्रत्येक फ्लॅटकडून वर्गणी मागितली होती. 'मी तिथे राहत नाही, भाडेकरूकडे गाडी नाही,' असं दोन ओळींचं उत्तर मी पाठवलं होतं. फ्लॅट भाड्याने दिल्याचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरतोच की, वर हे कशाला? काल वाद घालताना त्या उत्तराची कुणीही आठवण काढली नाही. त्याचंच जास्त लागलं.

भावाचा फोन आला होता. म्हणाला, एवढं वाटतंय तर एजीएमला, सोसायटीच्या वार्षिक सभेला, ये आणि हात वर कर. एजीएम सप्टेंबरमध्ये आहे. माझं तिकीट डिसेंबरचं.