चिवितातून पन्हाळ्याकडे पाहताना

माझ्या मामेभावाची पन्हाळ्यावर झुणका-भाकरीची गाडी आहे. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळाही होता. त्या रात्री त्याचा फोन आला. आधी भरभरून बोलला, मग आवाज उतरला. "दादा, आता आमाला उठीवत्यात का काय?" गडावरची माणसं ही धास्ती मानांकनाच्या आधीपासून बोलून दाखवत होती. आमच्या कोल्हापूरकरांच्या ग्रुपवर मात्र सूर वेगळाच: वस्ती खाली हलवा, गड मोकळा करा, युरोपात बघा कशी जपतात जुनी गावं.

मी इटलीत वितेर्बोला राहतो. इथून जवळच डोंगरमाथ्यावर चिविता दि बान्योरेज्जो नावाचं जुनं गाव आहे. मला हे गाव मनापासून आवडतं. अडीच हजार वर्षांपूर्वी प्राचीन इटलीतल्या एत्रुस्कन लोकांनी वसवलेलं, आजचं रूप मध्ययुगातलं. सांता मारिया दरवाजावर माणसाची मुंडकी पंजात धरलेले दगडी सिंह. आत अरुंद बोळ, घरांना बाहेरून चढणारे जिने, सान दोनातोच्या चर्चपुढचा चौक. डोंगराचा माथा ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडाचा आणि खाली चिकणमाती. पाऊस नि ओढे ती माती खात राहतात, मग वरचा कडा तुटतो. १६९५च्या भूकंपानंतर बिशप आणि कारभार पलीकडच्या बान्योरेज्जो गावाला गेला आणि हळूहळू घरंही रिकामी झाली. संत बोनाव्हेन्तुरा तेराव्या शतकात इथेच जन्मले. त्यांच्या घराची जागा बरीचशी दरीत गेली आहे.

आज तिथे बारमाही राहणारी माणसं जेमतेम दहा-बारा. १९६५चा पादचारी पूल ओलांडून दिवसभर पर्यटकांची रीघ लागते, पण संध्याकाळी त्या बोळांतून फिरलो की खिडक्या अंधाऱ्या दिसतात आणि माझ्या पोटात कालवतं. सप्टेंबरात चौकात गाढवांची शर्यत होते, तिला तोन्ना म्हणतात. त्या दिवशी जुनी घराणी परत येतात, आरडाओरडा होतो, आणि रात्री सगळे पूल ओलांडून निघून जातात.

ग्रुपवरच्या मंडळींना मला हेच सांगायचं आहे. चिवितातली माणसं भूकंपाने आणि ढासळत्या कड्याने नेली. पन्हाळ्यावर ती आजही आहेत. २०२१च्या पावसात गडाचा रस्ता खचला तेव्हाही ती तिथेच होती. कवी मोरोपंतांचा जन्म ज्या गडावर झाला, तिथे आजही शाळा भरते, नगरपरिषद आहे, सकाळी चुली पेटतात. ही माणसं म्हणजे अतिक्रमण नव्हे.

युरोपाकडून काही घ्यायचंच असेल तर चिवितातल्या प्रवेश तिकिटाची कल्पना घ्या. २०१३मध्ये दीड युरोवर ते तिकीट सुरू झालं, पुढे पाच युरो झालं, आणि त्या पैशातून बान्योरेज्जोच्या नगरपालिकेने रहिवाशांचे स्थानिक कर माफ केले. पन्हाळ्यावर येणाऱ्या पर्यटकांचा पैसा पन्हाळा नगरपरिषदेकडे का राहू नये? बेकायदा सिमेंटचे मजले जरूर थांबवा, तटाला टेकलेली बांधकामं काढा. पण घर दुरुस्त करायला काय चालेल, गाडी कुठे लावता येईल, हे नियम मराठीत लिहून आधी गडावरच्या लोकांपुढे वाचा, आणि कुणालाही उठवणार नाही हे त्याच कागदावर पहिल्या ओळीत लिहा.