लांब वाक्य म्हणजे रन-ऑन नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वाक्य वीस शब्दांपुढे गेलं की ते रन-ऑन (म्हणजे दोन पुरी वाक्यं सांध्याशिवाय चिकटवण्याची चूक), तोडायचं नसेल तर मध्ये स्वल्पविराम टाका, आणि तेही जमलं नाही तरी बिघडत नाही, अर्थ कळल्याशी कारण. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. हा संदेश पाठ करून आलेल्यांचे अर्ज तपासताना जीव तुटतो, म्हणून लिहिते आहे.

आधी शब्दसंख्या. आपल्या राज्यघटनेची इंग्रजी उद्देशिका ऐंशीहून जास्त शब्दांची आहे आणि ते एकच वाक्य आहे. 'वी, द पीपल ऑफ इंडिया' हा कर्ता सुरुवातीला, 'अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह' ही त्याची क्रियापदं थेट शेवटाकडे. मधलं सगळं या दोघांना धरून आहे. उलट 'इट रेन्ड वी लेफ्ट' या चारच शब्दांत रन-ऑन आहे, कारण दोन पुरी वाक्यं सांध्याशिवाय चिकटली आहेत.

स्वल्पविरामाचा सल्ला जास्त घातक, कारण तो आपल्या कानाला पटतो. 'मी आजारी होते, येऊ शकले नाही' हे मराठीत बिनचूक. आपलं क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे 'होते' ऐकलं की एक विधान मिटल्याचं कळतं. मोडीत तर शब्दही सलग लिहीत, तरी वाचणारे वाचत. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं. पुढे वाक्य कुठे थांबणार, हे त्यावरून समजत नाही. ते काम चिन्हाला करावं लागतं आणि एकट्या स्वल्पविरामाला ते पेलत नाही. म्हणून 'आय वॉज इल, आय कुड नॉट कम' चूक. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामापुढे 'सो' घाला. 'सो'च्या जागी 'देअरफोर' किंवा 'हाउएव्हर' मात्र चालणार नाही. हे शब्द उभयान्वयी नाहीत. दोन वाक्यांमध्ये आले तर त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविरामच लागतो. दर वर्गात सर्वाधिक चुका इथे होतात.

'आय केम, आय सॉ, आय काँकर्ड' हा दाखला त्या संदेशात आहे. इवलीशी, एकाच साच्याची वाक्यं ओळीने आली तर नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची सूट मिळते. अर्जात ती मागू नये.

राहिलं 'अर्थ कळल्याशी कारण'. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते, 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे वेगळं काम, की फक्त वितरणासाठीचं पॅकिंग? तिथल्या ओकहर्स्ट डेअरीचे गाडीचालक माल पोचवत, बांधत नसत; वितरण हे यादीतलं वेगळं काम नसेल, तर त्यांना ओव्हरटाइम मिळणार होता. 2017 मध्ये अपील न्यायालयाने कौल त्यांच्या बाजूने दिला आणि 2018 मध्ये डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. दोन्ही पक्षांना अर्थ कळलाच होता, पण निरनिराळा. कायद्यातली ती यादी पुढे अर्धविराम घालून नव्याने लिहिली गेली.