‘हरकत नाही’ लिहिण्याआधी

वादीने दावा काढून घेतला की प्रतिवादीच्या घरी पेढे वाटतात. मला हा आनंद कधीच कळला नाही.

नात्यातल्या एका काकांच्या बांधकामावर शेजाऱ्याने दावा लावला. कारण काय, तर वहिवाटीची वाट. निशाणी 5 वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, ‘जैसे थे’ हुकूम झाला आणि घर जोत्यावर अडकलं. वकिलाची फी, मोजणीच्या नकला, दर तारखेला तालुक्याला हेलपाटा, वर सिमेंटचे चढते भाव. पुरावा सुरू व्हायच्या तोंडावर शेजाऱ्याच्या वकिलाने पुरसीस (कोर्टाला लेखी निवेदन) दिली, वादीला दावा चालवायचा नाही. काकांच्या वकिलांनी तिच्यावरच ‘हरकत नाही’ लिहून सही ठोकली. दावा निकाली, खर्चाबाबत हुकूम नाही. झालं.

कायदा एवढा कोरडा नाही हो. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, ऑर्डर 23, नियम 1 वाचा. परवानगी न घेता दावा सोडणारा वादी कोर्ट ठरवेल तो खर्च द्यायला जबाबदार असतो, आणि त्याच विषयावर पुन्हा दावा लावता येत नाही. नव्याने लावायची मुभा हवी असेल तर कोर्ट अटी घालू शकतं. कलम 35 म्हणतं, हरलेल्याकडून खर्च देववायचा नसेल तर कारण लेखी द्या. ‘हुकूम नाही’ यात कुठलं कारण आलं?

खरी चेष्टा कलम 35अ मध्ये आहे. दावा खोटा किंवा निव्वळ छळण्यासाठी आहे असा आक्षेप प्रतिवादीने घेतला, आणि दावा फेटाळला गेला किंवा वादीने काढून घेतला, तर कोर्ट भरपाई देऊ शकतं. किती? जास्तीत जास्त 3000 रुपये. हा आकडा 1976 च्या दुरुस्तीतला! 2011 मध्ये संजीव कुमार जैन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ही मर्यादा लाखापर्यंत न्यायला सुचवलं. 2015 च्या कमर्शियल कोर्ट कायद्याने ती उठवली, पण फक्त व्यापारी दाव्यांपुरती. म्हणजे कंपन्यांचं नुकसान खरं, आणि काकांच्या जोत्यावर उगवलेलं गवत फुकटचं.

इंग्लंडमध्ये दावा सोडणाऱ्या वादीवर तोवरचा प्रतिवादीचा खर्च आपोआप पडतो. नको असेल तर त्यानेच कोर्टाला पटवायचं. छोट्या रकमांच्या दाव्यांना तेवढी सूट.

कोणी म्हणेल, अशी धास्ती घातली तर माणूस हट्टाने शेवटपर्यंत लढत बसेल. मुद्दा रास्त आहे. समन्स बजावण्याआधीच शहाणपण सुचलं किंवा आपसात मिटलं, तर एक पैसाही लावू नये. लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फीसुद्धा परत मिळते, ते योग्यच. पण मनाई हुकमाच्या जोरावर समोरच्याला वर्षानुवर्षं अडवायचं आणि उलटतपासणी दिसली की पळ काढायचा, ही तडजोड नव्हे.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. तोवर पुरसीशीवर ‘खर्च मिळण्याच्या अटीवर हरकत नाही’ असं लिहायला लावा, सोबत खर्चाचं विवरण आणि पावत्या जोडा. 35अ चा आक्षेप कैफियतीतच, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातच, घ्या, नंतर आठवून उपयोग नाही. वकीलसाहेब म्हणतील, “सुटलात ना, आता कशाला वाढवता?” त्यांची फी कोणी भरली, एवढं नम्रपणे विचारा.