माळावर झाडं लावू नका

5 जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की सोलापुरात खड्डे खणायला सुरुवात होते. उन्हाळ्यात पारा 44 च्या वर जाणाऱ्या आपल्या शहरात रस्त्याकडेला कडुनिंब लावून जगवणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार. पण हीच मंडळी टेम्पोभर गिरिपुष्पाची रोपं घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडे निघाली की माझं डोकं फिरतं.

अहो, तो माळ उजाड नाही! आपल्याकडच्या जेमतेम पावसावर तिथं पवना, मारवेल, कुसळी हेच पिकतं. गवत वाळलं तरी कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणवा लागला तरी बराचसा तिथंच राहतो. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी थेट मध्य आशियातून येतात, रात्री याच गवतात जमिनीवर बसतात आणि दिवसा नाकतोडे टिपतात. शेतकऱ्याचा फुकटातला फायदा. इथं झाडी वाढवली तर तिकडून आलेल्या पाखराचा मुक्काम मोडतो.

आणि माळढोक पक्षी! 1979 मध्ये त्याच्यासाठी इथं अभयारण्य झालं, 2011 पासून तो जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे, 2020 मध्ये गांधीनगरच्या परिषदेत स्थलांतरित प्रजातींच्या करारातही त्याला वरची जागा मिळाली. यादीत नाव चढलं म्हणून अंडं वाचत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. गावाबाहेर मटणाच्या दुकानांचा कचरा टाकला की कुत्री जमतात, आणि ती कुत्री पुढं माळावर फिरतात. तो कचरा थांबवायला दिल्लीहून किंवा परदेशातून कोणी येणार नाही. ते गावालाच करावं लागेल.

वणव्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवताचा मोकळा पट्टा, काढणारे गावकरी, कळप फिरवत गवत बेताचं ठेवणारे धनगर, यांचे फोटो कोणी टाकत नाही. रोपासारखं हातात धरून दाखवण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं ना.

ज्यांना यंदा खरंच काही करायचंय, त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीत चौकशी करा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावातल्या जीवसृष्टीची नोंदवही असायला हवी. त्या वहीत आपला माळ गवताळ प्रदेश म्हणून लिहिलाय का ते बघा. नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा, गवताची नावं सांगायला धनगरांना सोबत न्या. आणि रोपं उरलीच असतील तर शहरात आणा, इथं सावलीची टंचाई आहे.