औषधांच्या त्रासाची नोंद का करावी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. औषधाचा त्रास झाला तर तो सरकारी यंत्रणेला कळवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: औषध बाधलं की ज्याला वाटेल तो कळवतो, बाकीचे गप्प बसतात. औषध एकूण किती जणांनी घेतलं हेही ठाऊक नसतं. तेव्हा अशा नोंदींवर विसंबणं अशास्त्रीय आहे, आणि लोकांना 'कळवा' सांगून मी घबराट पसरवतोय.

पहिलं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. २००६ मध्ये १२ देशांतल्या ३७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. न कळवलेल्या प्रकरणांचं मध्यक प्रमाण (सगळे आकडे ओळीने लावले की मधोमध येणारा) त्यात ९४ टक्के निघालं. शिवाय एखाद्या औषधाची बातमी झाली की नोंदींचा पूर येतो. त्यामुळे हजारात किती जणांना त्रास होतो, हे या नोंदींवरून कुणी काढूच नये.

पण नोंदी त्यासाठी नसतातच. बाजारात येण्याआधी औषध फार तर काही हजार माणसांवर तपासलेलं असतं. वीस-तीस हजारांत एखाद्याला होणारा त्रास तिथे दिसणार कसा? मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं बघा. पाळीत पोटात दुखतंय म्हणून घरोघरी मुली ही गोळी घेतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने, म्हणजे या नोंदी गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेने, देशभरातून आलेल्या नोंदी तपासून तिच्याबद्दल इशारा दिला. तिच्यामुळे 'ड्रेस' नावाची गंभीर अॅलर्जी होऊ शकते, असा तो इशारा. त्यात ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, लिव्हरलाही इजा होऊ शकते. आणि हे सगळं दोन ते आठ आठवड्यांनी. इतक्या उशिरा आलेला ताप त्या गोळीशी कोण जोडणार? इशाऱ्यात गोळी बंद केली नाही, लक्ष ठेवायला सांगितलं. याला घबराट म्हणता येणार नाही.

मला काळजी वाटते ती नोंद कशी लिहिली जाते याची. नौपाड्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात लोक येऊन सांगतात, "ती पांढरी गोळी घेतली की खाज सुटते." कुठली पांढरी? चार गोळ्या कात्रीने कापून दिलेल्या असतात. नाव, बॅच नंबर उरलेल्या पट्टीवर, दुकानातच. अशी नोंद खरंच कुचकामी, तिथे तुमचं बरोबर आहे.

उलट एक गृहस्थ पूर्ण पट्टी घेऊन आले होते. जुलाबाची गोळी घेतल्यावर मनगटावर जांभळट डाग उठला होता, हळूहळू फिका झाला. पुढे पुन्हा तीच गोळी घेतली, तर काही तासांत डाग परत त्याच जागी! त्वचारोगतज्ज्ञांनी तारखांसकट नोंद पाठवली. माणूस एकच, पण हा पुरावा कच्चा कसा म्हणायचा?

लोक गोळ्या बंद करतील ही तुमची भीती रास्त आहे. म्हणून पुन्हा सांगतो, कळवणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. बीपीची, फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सोडू नका.

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू झाल्यावर वडिलांचे पाय सुजले, पण "माहीत असलेल्या त्रासाची कशाला नोंद?" माहीत असलेला त्रासही कळवता येतो, त्यासाठी कमिशनचा १८००-१८०-३०२४ हा फोन मोफत आहे. त्याआधी डॉक्टरांना मात्र जरूर दाखवा, कारण सूज हृदयामुळे किंवा किडनीमुळेही असू शकते. गोळी किती मिलिग्रॅमची, सूज कधीपासून, दोन्ही पायांना की एकाच, सोबत आणखी कुठली औषधं चालू आहेत, एवढं लिहून न्या.