आधी प्रीती, मग पश्चात्ताप

'देव प्रीती आहे' हे वाक्य बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दोनदा येते आणि ख्रिस्ती नसलेल्यांच्याही ते कानावरून गेलेले असते. कॅलेंडरांवर आणि शुभेच्छापत्रांवर ते इतक्या वेळा छापले गेले आहे की त्यातला दावा किती धीट आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. त्याच अध्यायातील दहावे वचन मात्र कॅलेंडरवर क्वचितच दिसते. प्रीती कशाला म्हणावे हे आपण देवावर किती प्रेम केले यावरून ठरत नाही, तर त्याने आपल्यावर प्रेम करून आपल्या पापांसाठी स्वतःच्या पुत्राला पाठवले यावरून ठरते, असे योहान तेथे सांगतो. माझ्या मते ख्रिस्ती विश्वासाचे मर्म या क्रमात आहे. देवाने आधीच प्रेम केले आहे, म्हणून माणसाला बदलण्याची वाट मोकळी होते. हा क्रम उलटा केला की देवाचे प्रेम म्हणजे चांगल्या वागणुकीचा पगार होऊन बसते, आणि खेदाने म्हणावे लागते की पुष्कळ प्रवचनांतून हा पगारच वाटला जातो.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, याच दृष्टीने सावकाश वाचण्यासारखा आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, दूर देशी जाऊन सगळे उडवतो आणि दुष्काळात डुकरे चारण्याची पाळी आल्यावर घराची आठवण काढतो. त्याचा पश्चात्ताप फार उदात्त आहे असे मला कधीच वाटलेले नाही. बापाच्या मजुरांना भाकर पुरून उरते आणि मी येथे उपाशी मरतो, हा त्याचा पहिला विचार आहे. काय बोलायचे ते तो मनाशी घोकून ठेवतो : मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एखाद्या मजुरासारखे ठेवा. पण तो अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो आणि त्याचे मुके घेतो. मुलगा घोकलेले बोलू लागतो खरा, परंतु मजुरीचे शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही, कारण तोवर बापाने चाकरांना झगा, अंगठी आणि पायांत घालायला वहाणा आणण्याचा हुकूम सोडलेला असतो.

हा दाखला ज्यांच्यासमोर सांगितला गेला, ते परूशी (धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक) आणि शास्त्री होते. येशू जकातदारांच्या आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसतो, अशी त्यांची कुरकुर चालली होती. म्हणूनच दाखल्याचा उत्तरार्ध मला अधिक बोचरा वाटतो. थोरला मुलगा इतक्या वर्षांच्या चाकरीचा हिशेब मांडतो आणि भावाचा उल्लेख 'हा तुमचा मुलगा' असा करतो. बाप उत्तर देताना शांतपणे 'हा तुझा भाऊ' म्हणतो. हाच बाप थोरल्याची समजूत घालायलाही घराबाहेर आलेला आहे, हे आपण (विशेषतः नेमाने उपासनेला जाणारे) पटकन विसरतो. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही.

बायबलमधील जुन्या कराराचा देव कोपिष्ट आणि नव्या कराराचा प्रेमळ, ही समजूतही या ठिकाणी बाजूला ठेवली पाहिजे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने हे दोन वेगळे देव आहेत असेच मांडले होते आणि इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याच्याशी संबंध तोडले. जुन्या करारातील होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात एफ्राइमाला, म्हणजे इस्राएल लोकांना, चालायला शिकवणारा देव शिक्षेच्या ऐन क्षणी 'मी तुला कसा सोडून देऊ?' असे विचारतो, तेव्हा त्याच्या आवाजातली कालवाकालव दाखल्यातल्या बापापेक्षा कमी नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की क्षमा आधीच मिळणार असेल, तर पापाची भीती कोणाला राहील? आक्षेप पोकळ नाही. जर्मन पाळक डिट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ साली 'स्वस्त कृपे'वर, म्हणजे पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेवर, कडक टीका केली, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझी राजवटीने त्यांना फाशी दिले. पण आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहितो, तेव्हा कृपा फुकट मिळते याचा अर्थ तिची किंमत कोणी मोजलीच नाही असा होत नाही. ती किंमत मोजताना वधस्तंभावर येशूने 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असा आक्रोश केला, आणि त्यामुळेच दुःखाने पिचलेल्या माणसासमोर 'देवाचे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य घाईघाईने फेकणे मला उथळपणाचे वाटते.

कृपा स्वीकारणाऱ्यालाही किंमत कशी मोजावी लागते, हे येशूचा शिष्य पेत्र याच्या बाबतीत दिसते. येशूला अटक झाली त्या रात्री महायाजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवाशी शेकत असताना त्याने येशूला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी पुन्हा कोळशांचाच विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे, आणि न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा विचारतो, 'तू माझ्यावर प्रेम करतोस काय?' त्या रात्रीचा खुलासा तो मागत नाही. तरीही तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो, कारण प्रश्न कुठे लागतो आहे हे त्याला कळते. प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर मेंढरांची जबाबदारी सोपवली जाते, म्हणजे ज्याने दगा दिला त्याच्याच हाती कळप दिला जातो. त्यानंतर लगेच येशू त्याला सांगतो की म्हातारपणी तू हात पसरशील आणि तुझी इच्छा नसेल तेथे दुसरा तुला नेईल. योहान आपल्या शुभवर्तमानात खुलासा करतो की ही पेत्राच्या मरणाची सूचना होती. एवढे ऐकवून झाल्यावर मगच येशू त्याला 'माझ्या मागे ये' असे म्हणतो.