शेणाला नावं ठेवणाऱ्या मामेभावास

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामेभावाने परवा जाहीर केलं, की आजोळच्या घरामागचा गोबरगॅसचा खड्डा बुजवून तिथे गाडीसाठी शेड मारायची. इथवर ठीक. खड्डा त्याच्या दारात, गाडीही त्याचीच. पण पुढे तो लिहितो, "जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण अजून शेणात हात घालून बसलोय." त्यावर अर्ध्या ग्रुपने टाळ्या वाजवल्या आणि माझं डोकं फिरलं.

कारण ते कुठल्या कुठे गेलेलं जग म्हणजे मी राहतो तेच. उत्तर जर्मनी, क्लोपेनबुर्गची बाजू. कामाला जाताना दोन्ही अंगांना घुमटाच्या टाक्या दिसतात. देशभरात असे नऊ हजारांवर प्लँट आहेत. गाईडुकरांचं शेणमूत आत जातं, गॅसवर इंजिन चालून वीज होते, उरलेल्या उष्णतेवर घरं तापतात. फेब्रुवारी लागला की गुले, म्हणजे पातळ शेणमूत, शेतात पडायला लागते आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायची सोय राहत नाही. कुणी नाक मुरडत नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

हे सगळं मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. टाक्यांत मकाही जातो, तेवढं लिहिलं नाही.

ते भावाने शोधून काढलं. "दादा, तिथं शेण कमी आणि मकाच जास्त दिसतोय की." आता विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. गॅसच्या हिशेबात खरं आहे ते. गाईने खाऊन सत्त्व काढून घेतलेलं असतं, वर पाणीच पाणी, म्हणून एक टन पातळ शेणातून वीस-तीस घनमीटर गॅस निघतो. मुरवलेल्या मक्याच्या एका टनातून दोनशेच्या आसपास. 2004 मध्ये सरकारने अशा पिकांच्या विजेला जादा भाव दिला, तेव्हा जो तो मका पेरत सुटला. लोक इतके कावले की 2012 मध्ये नव्या प्लँटना मक्यावर साठ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. पण म्हणून शेणाचा मुद्दा खोटा ठरत नाही, आणि भावाला मका दिसला तो मुद्दा समजून घेण्यासाठी नव्हे, मला गप्प करण्यासाठी.

माझा मुद्दा वेगळाच आहे. इथल्या लोकांना शेणाचं प्रेम वगैरे काही नाही. 2000 च्या कायद्याने विजेचा भाव वीस वर्षांसाठी बांधून दिला, त्या कागदावर बँकेने कर्ज दिलं, आणि हप्ते फेडायचे म्हणून शेतकरी रात्री दोनलाही उठून पंप बघतो. आता जुने करार संपत आलेत, तर इथेही "बंद करावं का" हीच भाषा आहे. आपल्याकडे 1981-82 पासून राष्ट्रीय योजना आली, अनुदान आलं, पण ते बांधायला. सरकारने लग्नाचा खर्च केला, संसार कसा चाललाय ते विचारायला कुणी आलं नाही. मामीच्या प्लँटचा गॅस धरणारा लोखंडी ड्रम गंजून भोक पडलं तेव्हा तालुक्याला वेल्डर होता, पण पाण्याबाहेर ड्रम उचलायला सहा माणसं लागायची आणि ती उसाच्या तोडीत. प्लँट बंद पडला तो असा. त्यात कुणाचा मागासपणा नव्हता.

चालू होता तेव्हा मे महिन्यात कालवायचं काम माझ्याकडे असायचं. शेण तेवढंच पाणी, हाताने गुठळ्या फोडायच्या, काडी-कडबा निवडून टाकायचा, नाहीतर वर साय धरते. मग कुंडीचा बोळा काढायचा आणि सगळं गडगडत आत. तासाभराने ड्रम बोटभर वर आलेला दिसला की मला आपणच तो उचलल्यासारखं वाटायचं. पाइपात पाणी साठलं की शेगडी उचक्या द्यायची. थंडीत गॅस कमी व्हायचा. इथे टाक्या चाळीस अंशांच्या आसपास ठेवायला त्यांचीच उष्णता खर्च होते. कोल्हापूरला ते ऊन फुकट आहे. अर्थात मी कालवलं ते सुट्टीपुरतं. मामीने बारा महिने.

देहूत डॉ. मापुसकरांनी तर संडासाला जोडलेले गॅस प्लँट उभे केले. पद्मश्री मिळाली 2017 मध्ये, मरणोत्तर. हे ग्रुपवर टाकलं तर भावजयीने फक्त ओकाऱ्या काढणारा चेहरा पाठवला.

मध्यंतरी इथल्या गावात एका प्लँटची क्षमता वाढवायची की नाही यावर सभा झाली. मीही गेलो. मागच्या रांगेत बसून ट्रॅक्टरच्या फेऱ्या, नायट्रेट, वास, सगळं ऐकलं. बोललो नाही. पासपोर्ट अजून निळा आहे, इथे गावच्या निवडणुकीत मला मत नाही. कोल्हापूरच्या वॉर्डाच्या यादीतून नाव केव्हा गेलं ते कळलंही नाही, आणि आजोळच्या यादीत तर ते कधीच नव्हतं. म्हणजे शेणावर माझं मत ऐकून घेईल अशी जागा उरली ती घरचा ग्रुप. तिथे मी जरा जास्तच बोलतो, हे मलाही दिसतं.

तर मी कळवलं, खड्डा बुजवू नका, फायबरचा ड्रम बसवा, खर्च माझा. दोन घनमीटरचा प्लँट, रोज पन्नास किलो शेण, अडीच-तीन आठवड्यांत एका सिलिंडरइतका गॅस, वर उसाला स्लरी. भावाने अंगठा दाखवला. मामीचा फोन आला. "पैशाचं ऱ्हाऊ दे रं. म्हशी दोनच ऱ्हायल्यात आता. पन्नास किलो आणू कुठनं?"

शेजारच्यांकडून घे, म्हणालो.

"त्यांनी बैलं इकून ट्रॅक्टर घेतलाय," मामी म्हणाली.